पाय गार पडले का?

मृग लागायच्या आत रायगड जिल्ह्यातल्या आमच्या कुंभिवलीत घरोघरी दोन कामं निघतात. कौलं चाळायची आणि सरपण आत घ्यायचं. दोन्ही कामांत हात नेमका तिथं जातो, जिथं विंचू दडून बसलेला असतो: कौलाच्या पोटाशी, ओंडक्याच्या सुटलेल्या सालीखाली, पेंढ्याच्या तळाला. आमच्याकडे सगळे घाबरतात ते इंगळीला. ती काळी, दांडगी, नांगी उभारून चालणारी. पण इंगळीने नांगी मारली तर माणूस बहुधा रात्र ठणकत काढतो आणि सकाळी कामाला लागतो. जीव घेतो तो लहानसा, तांबूस, करंगळीएवढा लाल विंचू.

चार वर्षांपूर्वीची संध्याकाळ. आमच्या शेजारच्या वाडीतला सात-आठ वर्षांचा मुलगा पेंढ्यात खेळत होता, तिथं त्याला विंचू चावला. तासभर रडून त्याने वाडी डोक्यावर घेतली. भगताने मंत्र टाकला, पायाच्या अंगठ्याला दोरा बांधला. मग त्याची आजी माझ्या दारात आली. चेहऱ्यावर जरा हसू होतं.

"दादा, पोरगा रडायचा थांबलाय. उतरलं वाटतं विष."

मी गेलो. पोरगा खरंच गप्प होता. कपाळावर घामाचे थेंब, सदरा पाठीला चिकटलेला, दोनदा उलटी झालेली. मी त्याच्या पायाला हात लावला. जूनच्या उकाड्यात ती पावलं माठातल्या पाण्यासारखी गार होती.

विष उतरलं नव्हतं. ते आता हृदयाकडे निघालं होतं.

पहिल्या दवाखान्यात गोळी नव्हती. काही किमती गोळी नव्हे, साधी रक्तदाबाची गोळी, आणि ती नव्हती. दुसऱ्या ठिकाणी मिळाली. तिथल्या तरुण डॉक्टरने मुलाला झोपवलं, मान वर करू दिली नाही, गोळी दिली आणि दर थोड्या वेळाने येऊन त्याच्या पायाची बोटं चाचपत राहिला. पहाटे बोटं ऊबदार झाली. मुलगा आज शाळेत जातो.

पायाला हात लावायचं मला कुणी शिकवलं? वाचून शिकलो. आणि ज्याच्यामुळे ते छापून आलं, तो माणूस लंडनचा नाही, न्यूयॉर्कचाही नाही. तो आमच्याच जिल्ह्यात, इथून शंभरएक किलोमीटरवर महाडला राहतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, नागपूरला शिकून डॉक्टर झालेले. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नावही रायगड नव्हतं, कुलाबा होतं. तिथं त्यांनी पाहिलं की विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि पोरं रात्रीतून मरतात. छातीत पाणी भरतं, तोंडातून फेस येतो, श्वास कोंडतो. पुस्तकात यावर फारसं काही नव्हतं. ज्या देशांत पुस्तकं लिहिली जात होती, तिथं हा विंचू नव्हता.

मग त्यांनी जे केलं ते संशोधन. मी हा शब्द जपून वापरतोय. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नोंदी केल्या. किती वाजता चावला, उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय कधी गार पडले. रात्ररात्र हेच. एका रुग्णाची नोंद म्हणजे आठवण; अशा पुष्कळ नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की त्यांतून वाट दिसते. त्यांना दिसली. उलट्या, दरदरून घाम, सुटणारी लाळ, गार हातपाय, आणि मुलग्यांच्या बाबतीत लघवीच्या जागेचा ताठरपणा, जो घरचे संकोचाने सांगतच नाहीत. ही लक्षणं आधी येतात, हृदय नंतर ढासळतं. म्हणजे मध्ये वेळ मिळतो. हृदय कोलमडण्याआधीची ही पूर्वसूचना त्यांनी लिहून काढली आणि १९८२ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. कोकणातल्या एका खेड्यातल्या खाटेवरची नोंद जगातल्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात गेली.

संत एकनाथांच्या भारुडातही विंचवाच्या विषाने अंगाला घाम सुटतो. सोळाव्या शतकात पाहणाऱ्याने पाहिलं होतं. त्या घामाचा हृदयाशी काय संबंध, हे ओळखायला चारशे वर्षं जावी लागली.

आत काय घडतं ते साध्या भाषेत सांगतो. लाल विंचवाचं विष नसांच्या टोकांना इतकं चेतवतं की ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात लोंढा सुटतो. अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळून बसतात. हातापायांकडे रक्त जाईनासं होतं, म्हणून ते गार पडतात. आवळलेल्या नळ्यांविरुद्ध हृदय जिवाच्या आकांताने पंप मारतं, रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साचतं. हे एकदा कळलं की उपाय कुठे शोधायचा तेही कळतं. आवळलेल्या नळ्या सैल करायच्या.

त्याआधी रुग्णाला काय काय दिलं जाई! स्टिरॉइड, ॲट्रोपिन, 'लायटिक कॉकटेल' नावाचं गुंगीच्या औषधांचं मिश्रण. त्यांनी रुग्ण वाचत नव्हते. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं आणि सतत डोळ्यांत तेल घालून पाहायचं औषध, खेड्यात रोज परवडणारं नव्हे. मग त्यांच्या हाती आली प्राझोसिन, रक्तदाबाच्या रुग्णांना दिली जाणारी स्वस्त गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या उघडते. ती द्यायला सलाईन लागत नाही, मोठं रुग्णालय लागत नाही. एवढंच, की गोळी दिल्यावर रुग्णाला आडवाच ठेवावा लागतो. उठून बसला तर रक्तदाब एकदम खाली येतो. दर तीन तासांनी गोळी, पायाची बोटं ऊबदार आणि कोरडी होईपर्यंत. १९८६ साली हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. गंभीर दंश झालेल्या शंभरांतले तीसच्या आसपास जिथं दगावत, तिथं ही संख्या दोन-चारांवर उतरली.

हे सगळं ज्याच्या कामातून झालं, त्याने तिथंच थांबून आयुष्यभर सत्कार घेतले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. पुढचा भाग मला सर्वांत मोठा वाटतो. परळच्या हाफकिन संस्थेने लाल विंचवावरचं प्रतिविष तयार केलं होतं. प्रश्न असा होता की एवढी गुणकारी गोळी हाताशी असताना त्या महागड्या प्रतिविषाची गरज आहे का? स्वतःच्या गोळीवर जीव असलेला माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात चाचणी घेतली. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले, प्रत्येकी ३५. प्राझोसिन दोन्ही गटांना दिली. कुणालाही औषधावाचून ठेवलं नाही. एका गटाला जोडीला प्रतिविषही दिलं. दहा तासांनी पाहिलं तर नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे झाले होते. प्रतिविषही मिळालेल्या ३५ पैकी ३२. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ सतरा-अठरा तासांवरून आठ तासांवर आला. २०११ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं गेलं.

माझ्या गोळीपेक्षा गोळी आणि प्रतिविष मिळून जास्त बरं, हे स्वतःच्या हाताने मोजून स्वतःच्या नावावर छापायला मोठं मन लागतं. विज्ञान याला म्हणायचं.

२०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या. तेवढ्यावर आपलं कर्तव्य संपलं, असं मला वाटत नाही.

कारण बिरवाडीसारख्या केंद्रातल्या नेमणुकीला आजही अनेक जण शिक्षा समजतात. बदलीचा अर्ज पहिल्या महिन्यात तयार होतो. वरिष्ठांना हवा असतो महिन्याचा तक्ता: किती बाह्यरुग्ण, किती लसी, किती बाळंतपणं. तक्ता भरला की काम झालं. संशोधन करायचं ते मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयात, बढतीला निबंध लागतो म्हणून. हे चूक आहे, साफ चूक आहे. विंचू मुंबईच्या महाविद्यालयात राहत नाही. फुरसं आणि घोणसही तिथं नाहीत. आजार जिथं राहतो, तिथंच त्याचा अभ्यास व्हायला हवा, आणि रुग्ण आल्यावर पहिल्या तासात त्याला पाहणारा माणूस आरोग्य केंद्रातला डॉक्टरच असतो. महाविद्यालयात रुग्ण पोचेपर्यंत पहिला अध्याय संपलेला असतो. गार पाय पहिल्या अध्यायातच दिसतात.

साधनं नाहीत, हे कारण मला मान्य नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करायला जागा मिळाली, आणि मदतीला एक कारकून नि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. माणसाला प्रश्न छळत असेल तर वही आणि घड्याळ पुरतं.

आमच्या खालापूर-कर्जतमध्ये प्रश्न कमी आहेत का? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. तिथल्या धुरात वाढणाऱ्या पोरांच्या छातीचं काय होतं? ठाकरवाडीतून सर्पदंशाचा रुग्ण डोलीतून खाली यायला किती वेळ लागतो आणि त्या वेळात काय बिघडतं? भातलावणीत गुडघाभर चिखलात उभ्या बाईला आलेला ताप नेमका कसला? भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजारांच्या आसपास. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे म्हणून केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. दिल्लीतला आराखडा वाडीपर्यंत यायचा तर वाडीची नोंद आधी दिल्लीपर्यंत जायला हवी.

म्हणून आमच्या दोन्ही तालुक्यांत नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माझी हात जोडून विनंती आहे. टेबलावर एक वही ठेवा. विंचू, साप, ताप, जे येईल त्याची वेळ लिहा, लक्षण लिहा, काय दिलं ते लिहा, पुढे काय झालं ते लिहा. रुग्ण मेला तर तेही लिहा. ते पान सर्वांत मोलाचं असतं. आणि जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला मागणी आहे: मृग लागायच्या आत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिनच्या गोळ्या आणि विंचवाचं प्रतिविष आहे की नाही, ते कपाट उघडून बघा. कागदावरचा साठा नको, कपाटातला हवा. आमच्याच जिल्ह्यात शोधलेला उपाय आमच्याच पोराला दुसऱ्या दवाखान्यात मिळावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणि तुम्ही वाचणारे. सरपणाला हात घालण्याआधी काठीने हलवा. चपला झटकून घाला. अंथरूण पसरण्याआधी झाडा. कुणाला विंचू चावलाच तर भगताला नंतर नारळ द्या, आधी १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोचल्यावर किती वाजता चावला ते सांगा, उलटी, घाम, लघवीच्या जागेचं, सगळं न लाजता सांगा. पोरगं गप्प झालं म्हणून निवांत होऊ नका. पायाला हात लावून बघा, आणि गार लागोत की कोमट, गाडी काढा.