सलग

आमच्या दिग्गी गावात जन्मून सर्वांत कर्तबगार निघाली ती काळी नदी. इथे उगम पावायचं आणि कारवारला समुद्र गाठायचा, सारा प्रवास १८४ किलोमीटरांचा. तेवढ्यात ती सुप्याला, कोडसळ्ळीला, कद्र्याला अडते, वीज करून देते, वर कैगाच्या अणुभट्ट्यांना थंड पाणीही पुरवते. दिग्गीतून दुसरा नंबर आपला लागावा, अशी आमच्या 'सलग'ची इच्छा आहे.

सलग हे गावातल्या एका पोराचं टोपणनाव. कैगाचं पहिलं युनिट २०१८च्या डिसेंबरअखेरपर्यंत ९६२ दिवस न थांबता चाललं आणि त्याने जागतिक विक्रम केला, हे वाचल्यापासून त्याच्या तोंडात हा एकच शब्द बसला. 'सलग केलं की सगळं जमतं!' पुढे कॅनडातल्या डार्लिंग्टनच्या भट्टीने तो विक्रम मोडला, तेव्हा घरचा उमेदवार पडल्यासारखं तोंड करून तो दोन दिवस फिरत होता.

आधी तो गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात होता. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. ते काम सुटलं, स्वारी गावी आली आणि महिनाभर ताणून झोपली. मग दालचिनी, आमसुलं आणि मध पाकिटांत भरून मडगावला विकायचा बेत ठरला. बेत चांगलाच होता, पण काम सुरू करायच्या आदल्या रात्री त्याला शोध लागला, की आपली प्रॉडक्टिव्हिटी गेली आहे. आधी ती परत आणायची, मग पाकिटं. माझं निदान वेगळं आहे. कारखान्यात साहेब निराळा होता. इथे साहेब हाच, कामगारही हाच, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

औषध अर्थातच मोबाइलमध्ये होतं. दिग्गीत रेंज शोधायला वरच्या टेंबावर जावं लागतं. मोबाइल कमी कसा वापरावा, याचे व्हिडिओ पाहायला हा रोज तो टेंब चढायचा. तिथून उतरताना नवीन सवय घेऊनच उतरायचा. पहाटे साडेचारला उठणं. गार पाण्याने आंघोळ. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. ही युक्ती इटलीतल्या फ्रांचेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याला टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून सुचली होती. शिवाय एकवीस दिवसांत सवय लागते हा मंत्र. या मंत्राचा उगम प्लॅस्टिक सर्जरी करणाऱ्या मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६०च्या पुस्तकात आहे. नवीन नाकाची सवय व्हायला रोग्याला निदान एकवीस दिवस लागतात, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, तेव्हा साधारण ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरतील, कुणाला २५४ लागतील. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "नाकाचंच बरं. लवकर होतं."

भिंतीवरच्या कालनिर्णयात पाळलेल्या दिवसावर लाल फुली पडू लागली. आषाढात दिग्गीच्या भिंतीच पाझरतात. पानं फुगली, फुल्या ओघळल्या, आणि एकादशीची लाल शाई खालच्या चतुर्दशीपर्यंत उतरली. न पाळलेला दिवसही पाळलेला दिसू लागला. त्याने तो धरून टाकला.

गाव आधी हसलं. मग गावाच्या लक्षात आलं, की पहाटे साडेचारला उठणारा धडधाकट माणूस आयता मिळतो आहे.

"बाबू, उठतोसच तर मळ्यातली डुकरं हाकून ये," शेजारच्या आजीने सांगितलं. डुकरं ठरल्या वेळेला येतात, त्यांना व्हिडिओ लागत नाही. दुसऱ्या घरून म्हैस सोडायचं काम आलं. बीपीची गोळी आठला घ्यायची असते, तिची आठवण करून द्यायला काका त्याला सांगू लागले. पोरांना शाळेसाठी उठवणं तर आपोआपच त्याच्याकडे गेलं. पंचवीस मिनिटांचं घड्याळ वयनीने चुलीजवळ नेलं, कारण तेवढ्यात काटेकणगं बरोबर शिजतं. मोबाइलपासून दूर राहायला त्याने फोन तांदळाच्या डब्यात पुरला. फोन भिजला की तांदळात ठेवतात, हे पावसाळ्यात कुणाला सांगावं लागत नाही. चार दिवसांत त्या डब्यात गावातले आणखी तीन फोन वाळत पडले, आणि आई भात शिजत घालताना आधी वाजतंय का ते पाहू लागली.

रोज तीन गोष्टींबद्दल आभार लिहायची एक वही होती. ती आईच्या हाती लागली. आईने शांतपणे सगळी वाचली. "पावसाचे दोनदा आभार मानलेस, म्हशीचे एकदा," ती म्हणाली, "माझं नाव कुठल्या पानावर आहे?" त्या दिवसापासून पहिली ओळ ठरलेली आहे.

एकूण सगळ्यांची प्रॉडक्टिव्हिटी वाढली. काकांचं बीपी आटोक्यात आहे, पोरं वेळेवर शाळेत जातात, आजीचा मळा शाबूत आहे. पाकिटांचं पहिलं लेबल अजून डिझाइनमध्ये आहे. त्यावर पिवळा रंग घ्यावा की हिरवा, यासाठी रोज पंचवीस मिनिटं राखून ठेवलेली असतात, आणि त्याच वेळी कुणाची तरी म्हैस सुटते.

परवा त्याने बंड केलं. अंगणात उभा राहून जाहीर केलं, की रविवारी आपण उठणार नाही, रविवार विश्रांतीचा. कैगाची भट्टीसुद्धा ९६२ दिवसांनी तपासणीसाठी बंद ठेवलीच होती.

आजी सुपारी कातरत होती. तिने मान वर केली नाही.

"ठेव की बंद," म्हणाली. "डुकरांना तेवढं शनिवारी सांगून ये."