मिसिंग मारणाऱ्या गाडीचं एस्टिमेट कसं खोडावं

गाडी मिसिंग मारायला लागली की मालकाने आधी स्वतःचा चेहरा दुरुस्त करून घ्यावा. सिग्नलला गाडी थरथरते, चढाला पिकअप घेत नाही, डॅशबोर्डवर पिवळं इंजिन उजळतं, आणि अशा वेळी आपण सर्व्हिस सेंटरच्या दारात जो चेहरा घेऊन उतरतो त्यावर एस्टिमेटचा पहिला आकडा ठरतो. योग्य चेहरा सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे आलेल्या माणसाचा. काम आज होणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, पण का होणार नाही ते त्याला लेखी हवं असतं.

त्याआधी एक गोष्ट गंभीरपणे. पिवळा दिवा नुसता पेटलेला असेल तर सावकाश चालवत सर्व्हिस सेंटर गाठता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याची वाट लावतं. त्या भागाचं एस्टिमेट खोडण्याची ताकद या मार्गदर्शनात नाही.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरसमोर बसल्यावर फक्त लक्षणं सांगावीत. ‘इंजेक्टरचा प्रॉब्लेम असेल बहुतेक’ असं चुकूनही म्हणू नये, कारण तुम्ही म्हणालात म्हणून इंजेक्टर बदलला जाईल आणि तो तुमच्याच इच्छेने बदलला असं ठरेल. ‘तुम्हीच बघा काय करायचं ते’ हे वाक्य तर सही केलेला कोरा चेक आहे. जॉब कार्डवर त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावं: चालू स्थितीत झटके, इंजिन लाइट, निदान करून कळवावे, परवानगीशिवाय काम करू नये. मग कॉफी घ्यावी. ती फुकट नसते, म्हणूनच घ्यावी.

एस्टिमेट व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, आणि ते तुम्ही मीटिंगमध्ये असतानाच येतं. सगळे प्लग, सगळ्या कॉइल, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, ऑइल आणि शेवटी ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची एक गूढ ओळ. पाठोपाठ फोन येतो. ‘सर, एकदाच सगळं करून घ्या, टेन्शन नको.’ टेन्शन कोणाचं, हे तो सांगत नाही. महिनाअखेर असेल तर विचारूही नये.

इथे नवशिके दोन चुका करतात. एक म्हणजे घासाघीस. घासाघीस केली की डिस्काउंट मिळतो आणि न लागणारं काम दहा टक्के स्वस्तात होतं. दुसरी म्हणजे ‘आमचा गॅरेजवाला म्हणाला की...’ अशी सुरुवात. वातानुकूलित खोलीत हे वाक्य उच्चारताच तुमची प्रत खाली येते. गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर असलं तरी त्याला साक्षीला आणू नये.

विचारायचा प्रश्न एकच: ‘कोणता सिलिंडर?’

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला स्कॅनर लावला की गाडी आपला आजार स्वतः सांगते. पी0301 म्हणजे पहिला सिलिंडर मिस करतोय, पी0302 म्हणजे दुसरा. पी0300 म्हणजे ठरावीक कोणी नाही, आळीपाळीने सगळेच. हा कोड जॉब कार्डवर लिहून मागावा. आपली गाडी किती सिलिंडरची आहे हेही मॅन्युअलमध्ये बघून जावं. हल्लीच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांना तीनच असतात, पण एस्टिमेट तयार करणाऱ्याचा हात सवयीने चारवर पडू शकतो.

समजा, कोड पी0301 आहे. तर मग पुढचं वाक्य थंडपणे म्हणावं: ‘पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावून कोड क्लिअर करा आणि पुन्हा बघा.’ प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत हे काम म्हणजे बहुधा एक बोल्ट आणि एक कनेक्टर. कोड पी0302 झाला, तर दोष कॉइलबरोबर दुसऱ्या घरी राहायला गेला. गुन्हेगार सापडला, बाकीच्या कॉइल निर्दोष सुटल्या. कोड जागचा हलला नाही तर हाच प्रयोग प्लगचा करावा, मग संशय इंजेक्टरवर. हा सगळा तपास भाग अदलाबदल करून होतो, विकत घेऊन नाही. एस्टिमेट लिहिणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट आवडत नाही. मागे वर्कशॉपमध्ये पान्हा धरलेल्या मेकॅनिकला मात्र ही पद्धत चांगली ठाऊक असते, त्याला कोणी विचारत नाही एवढंच. शक्य असेल तर काचेपलीकडे जाऊन त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. तिथे ‘सर’ नाही, ‘दादा’ म्हणावं.

आता प्रतिपक्षाचे डावपेच. पहिला साक्षीदार उंदीर. ‘सर, वायरिंग कुरतडलंय.’ उंदीर खरोखरच कुरतडतात, पावसाळ्यात तर बॉनेटखाली संसार थाटतात, पण म्हणून प्रत्येक मिसफायर त्यांच्या नावावर मांडू नये. गणपतीच्या वाहनावर आरोप करायचा तर कुरतडलेल्या वायरचा फोटो हवा. दुसरा साक्षीदार पेट्रोल. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी शोषतं आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, हे खरं आहे. पण टाकी सगळ्या सिलिंडरना एकच असते. पेट्रोल खराब असेल तर पहिल्यालाच का बाधलं, हे विचारून गप्प बसावं. ही शांतता आपण मोडू नये.

वॉरंटीतल्या गाडीचं शास्त्र वेगळं. तीच थरथर वॉरंटीत असताना ‘नॉर्मल’ असते. ‘सर, या मॉडेलला थोडं व्हायब्रेशन असतंच.’ वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला पाच कामं लागतात. म्हणून वॉरंटी चालू असताना प्रत्येक तक्रार जॉब कार्डवर नोंदवून घ्यावी. प्लग झिजणारा भाग म्हणून वॉरंटीतून वगळतात, कॉइलला तो नियम सहसा लावता येत नाही. या काळात बाहेर बॉनेट उघडून स्वतः प्रयोग करू नयेत. ते आयतं निमित्त ठरतं.

‘हेड उघडावं लागेल’ हे वाक्य आलं तर घाबरू नये, आकडे मागावेत. कम्प्रेशन टेस्ट केली का, प्रत्येक सिलिंडरचं रीडिंग किती? एका सिलिंडरचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा फारच खाली असेल आणि कॉइल, प्लग, इंजेक्टर तिन्ही तपासून झाले असतील, तर तो माणूस खरं बोलतोय. अशा वेळी वाद घालणं हा निव्वळ हट्ट. मुकाट्याने सही करावी.

बिल आल्यावर चष्मा काढू नये, लावावा. सुट्या भागाच्या पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यात सगळे कर धरलेले असतात. त्या आकड्यावर पुन्हा जीएसटी चढवला असेल तर तो फक्त बोटाने दाखवावा. जे भाग आधी 28 टक्क्यांत होते ते 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांत आले आहेत, तेव्हा जुन्या दराची आठवण कोणी काढत असेल तर तिथेही बोट ठेवावं. जुने भाग परत मागावेत. एक कॉइल बदलली म्हणताय तर एक कॉइल डिकीत दिसली पाहिजे.

आपण एकटे भांडतोय असं वाटून खचू नये. सुटे भाग आणि निदानाची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण नाना पेठेत सुटे भाग शोधत हिंडणाऱ्या पुणेकराची तक्रार वेडगळ नाही, एवढं तेव्हा कागदावर आलं.

एवढं करूनही मॅनेजर ‘कंपनी पॉलिसी आहे’ म्हणाला तर ती पॉलिसी ईमेलवर मागावी आणि निघावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही, वकील करावाच लागतो असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तोवर जॉब कार्ड, एस्टिमेट, बिल आणि ती जुनी कॉइल यांतलं काहीही भंगारवाल्याला देऊ नका.