फोडणीवर बुरशीचा ठपका

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत रूट ४६ च्या आसपास विटांच्या दुमजली अपार्टमेंटांत भाड्याने राहणाऱ्या मराठी घरांना उन्हाळ्यात एक शोध हमखास लागतो. एसीच्या जाळीवर काळे ठिपके दिसतात, वर्क ऑर्डर जाते, मेंटेनन्सचा माणूस येऊन जाळी पुसतो, फारच लाडात आला तर भिंतीवर रंगाचा हात मारतो, आणि मॅनेजमेंट ऑफिसचं निदान येतं: तुमच्याकडे स्वयंपाक फार होतो. म्हणजे बुरशीचा उगम कुकरच्या तिसऱ्या शिट्टीत. स्वयंपाकघरातली ही वाफ हॉल ओलांडून, एकाही भिंतीला न शिवता, नेमकी बेडरूमच्या एसीत कशी शिरते, एवढं मात्र निदानात नसतं.

एसी हे मुळात हवेतलं पाणी काढण्याचं यंत्र. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते आखलं. दमट हवेने कागद फुगे आणि छपाईचे रंग सरकत, हे त्याचं कारण. घाम पुसणाऱ्या कामगारांचा त्यात फारसा विचार नव्हता. गार कॉइलवर वाफेचं पाणी होतं, ते खालच्या तबकात ठिबकतं आणि नळीने बाहेर जातं. नळी शेवाळाने तुंबली किंवा तबक उलटं कललं, की पाणी तिथेच मुक्काम करतं. खोलीच्या मानाने एसी मोठा असेल तर आणखी गंमत: तो चटकन खोली गार करून बंद पडतो, ओल काढायला त्याला सवडच मिळत नाही. ओली झालेली जागा २४ ते ४८ तासांत सुकवा, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, सांगते. तेवढ्या वेळात वर्क ऑर्डर उघडून पाहिली गेली तरी मिळवली. एसी निवडणार घरमालक, बसवणार तो, आणि पेटी उघडायची मुभा लीजमध्ये त्याच्याच माणसाला. लोणच्याला बुरशी आली की घरात पहिला प्रश्न असतो, ओला चमचा कोणी घातला? इथे चमचा ऑफिसच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला आहे.

आता भाडेकरूही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. जुलैत सहा आठवडे भारतात जाताना वीजबिल वाचवायला एसी बंद, खिडक्या बंद, आणि परतल्यावर चपलांवर हिरवी लव आली म्हणून तक्रार, हा कांगावाच. फिल्टर बदलणं लीजने भाडेकरूवर टाकलं असेल आणि तो वर्षभर तसाच असेल, किंवा गळती दिसूनही कोणी महिनाभर कळवलं नसेल, तर तेवढा दोष पदरात घ्यावा. पण हा हिशेब ज्याच्या हातात जे होतं त्याप्रमाणे मांडायचा. कोणाच्या घरात कसला वास येतो, त्यावरून नव्हे.

न्यू जर्सीच्या न्यायालयांनी हा हिशेब बराचसा मांडूनही ठेवलाय. १९७० च्या ‘मरिनी विरुद्ध आयर्लंड’ खटल्यात कॅम्डनच्या भाडेकरूने फुटका संडास ८५ डॉलर ७२ सेंट खर्चून दुरुस्त केला आणि ९५ डॉलर भाड्यातून ती रक्कम वळती केली. राहण्याजोगं घर देणं हे भाडेकरारात गृहीतच आहे, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. संडास ठीक, पण एसी ही चैन ना, असं कोणी म्हणेल. १९७७ च्या ‘पार्क हिल टेरेस विरुद्ध ग्लेनन’मध्ये एसी बंद राहिल्याबद्दलही भाड्यात सूट मान्य झाली. बुरशी किती असली म्हणजे फार, याची केंद्र सरकारची मर्यादा नाही, हा ऑफिसचा आवडता मुद्दा. पण तुंबलेली नळी ओळखायला मर्यादा कशाला लागते? अर्थात मनाला येईल तेव्हा भाडं थांबवणंही शहाणपणाचं नाही. आधी लेखी कळवावं, दुरुस्तीला वाजवी वेळ द्यावा, आणि अडवलेलं भाडं बाजूला ठेवावं, कारण खटला उभा राहिला की न्यायालय ते जमा करायला सांगू शकतं. व्हिसावरची मंडळी कोर्टाच्या नावानेच गारठतात. त्यांना सांगायला हवं की तक्रार केल्याचा सूड म्हणून घर खाली करायला लावणं या राज्यात बेकायदा आहे.

तोवर बाजारातून एक साधा आर्द्रतामापक आणावा. ईपीए म्हणते, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. स्वयंपाकघरात काटा पन्नासवर आणि ठिपके फक्त एसीच्या तोंडाशी असतील, तर तारखेसह फोटो काढून तो पत्राला जोडावा, आणि पुढची तपासणी तबकापासून सुरू करा म्हणून ऑफिसला कळवावं. आमटी चालू असताना आले तरी हरकत नाही.