सोवळ्यातली टाकी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात ऑरवेल नावाची नदी आहे. भरतीला वर आणि ओहोटीला खाली होत शेकडो शिडाच्या बोटी तिथे उभ्या असतात. अशा प्रत्येक धक्क्यावर निवृत्त झालेला, गुडघ्यांनी दगा दिलेला पण आवाजाने खणखणीत असा एक तरी गृहस्थ असतो, ज्याच्यापाशी डिझेलचा विषय काढायचा नसतो. मी नवखा होतो. मी काढला.

माझं बालपण हर्णैचं. समोर समुद्र बघितलेला माणूस म्हणून मला वाटलं, हे गृहस्थ वादळाबिदळाच्या चार गोष्टी सांगतील. म्हणून ओळख काढायला सहज विचारलं, "तुमच्या बोटीत कुठलं डिझेल चालतं?" चहाचे तीन मग झाले, ओहोटी लागली, बोट चिखलात टेकली, तरी उत्तर चालूच होतं.

आमच्याकडे बोटीच्या मालकाला नाखवा म्हणतात, हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. शब्द त्यांना फार आवडला. तेव्हापासून ते फोन उचलून "नॅकवा बोलतोय" म्हणतात. आपणही त्यांना नाखवाच म्हणू.

तर गोष्ट अशी की ब्रिटनमध्ये १९६१ पासून ट्रॅक्टरसारख्या कामांसाठी सवलतीचं डिझेल मिळतं, आणि ते कोणी मोटारीत भरू नये म्हणून त्यात लाल रंग घालतात. आपलं राशनचं रॉकेल निळं असायचं, तसाच प्रकार. (आपल्याकडे त्या निळ्या रॉकेलचं पुढे काय व्हायचं ते ट्रकमागून सायकल चालवलेल्या प्रत्येकाच्या फुप्फुसाला ठाऊक आहे.) हौशी बोटवाल्यांनाही हे लाल डिझेल वर्षानुवर्षं स्वस्तात मिळत होतं. मग २००८ च्या नोव्हेंबरपासून सरकारने सांगितलं, की बोट हाकायला जेवढं जाळाल त्यावर पूर्ण कर भरा, आणि केबिनची शेगडी पेटवायला जेवढं लागेल त्यावर सवलत घ्या. टाकी एकच, डिझेल एकच. त्यातलं कुठलं हाकायचं आणि कुठलं शेकायचं, हे भरतानाच सांगायचं.

व्यवहारात यावर साठ-चाळीसचा तोडगा निघाला. साठ टक्के इंजिनाला, चाळीस शेगडीला. पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन "सिक्स्टी-फॉर्टी?" असं विचारतो, आणि आपण "साखर चालेल ना?" ला मान डोलावतो तशी लोक मान डोलावतात. भर जुलैत घामाघूम होऊन चाळीस टक्के शेगडीला लावताना कोणाचा चेहरा बदलत नाही.

नाखवांचा बदलतो. त्यांच्याकडे वही आहे. इंजिन किती तास चाललं, शेगडी किती तास जळली, तासाला कोण किती पितं, सगळं शिसपेन्सिलीने लिहिलेलं. त्यांचा हिशेब त्र्याहत्तर-सत्तावीस येतो. मागे रांग असते, पोराच्या यंत्रात आकडे बसत नाहीत, पण नाखवा हलत नाहीत. मी एकदा आकडेमोड केली. मार्च २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनी पूर्ण शुल्क लिटरला ५२.९५ पेन्स आणि सवलतीचं १०.१८. नाखवांची टाकी १८० लिटरची. म्हणजे साठ-चाळीसऐवजी त्र्याहत्तर-सत्तावीस केल्याने या माणसाला टाकीमागे, नुसत्या शुल्काचेच, १० पौंड जास्त पडतात. एवढी वही, एवढी रांग, एवढी बोलणी, ती सगळी सरकारला १० पौंड जास्त मिळावेत म्हणून! मी हे त्यांना सांगितलं, तर त्यांनी माझी आकडेमोड तपासली आणि बरोबर आहे म्हणून खाली टिकची खूण केली.

पण हे झालं घरच्या पाण्यातलं. खरे नाखवा दिसतात ते परदेशी निघायच्या वेळी.

समोर बेल्जियम. ७५-८० सागरी मैल, वाऱ्याची मर्जी असेल तर एक लांबलचक दिवस. काही वर्षांपूर्वी तिकडच्या किनाऱ्यावर काही ब्रिटिश बोटींना टाकीतल्या लाल डिझेलवरून दंड झाला होता. बोटवाल्यांचं म्हणणं, कर भरलाय, ही पावती. तिकडचं म्हणणं, असेल भरला, पण रंग लाल आहे. लाल म्हणजे सवलतीचं. पुढे युरोपच्या न्यायालयानेही तेच धरलं. कर पूर्ण भरला असला तरी हौशी बोटींना रंगवलेलं डिझेल भरू देणं नियमात बसत नाही, असा निकाल ब्रिटनविरुद्ध लागला. तारीख १७ ऑक्टोबर २०१८. ही तारीख नाखवांना तोंडपाठ आहे. लग्नाची तारीख विचारल्यावर ते बायकोकडे बघतात.

आयर्लंडविरुद्धही त्याच दिवशी तसाच निकाल लागला. तिथलं सवलतीचं डिझेल हिरवं असतं, ते १ जानेवारी २०२० पासून हौशी बोटींना बंद झालं. ब्रिटन मात्र युरोपातून बाहेर पडलं, आणि उत्तर आयर्लंड सोडून बाकी देशात लाल डिझेल हौशी बोटींना राहिलं ते राहिलंच. नॉर्वेत हिरवं, स्पेनच्या ट्रॅक्टरला लाल. नाखवांच्या केबिनमध्ये समुद्राचे नकाशे ठेवायच्या फळीवर या रंगांचा स्वतंत्र तक्ता आहे, आणि तो नकाशांपेक्षा जास्त हाताळलेला आहे.

मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं. महाराष्ट्रात मच्छीमाराच्या डिझेलला रंगबिंग नाही. तो सोसायटीतून पूर्ण पैसे देऊन डिझेल घेतो, आणि त्यावरच्या कराचा परतावा सरकारकडून नंतर येतो.

"नंतर म्हणजे किती दिवसांनी?"

"नंतर म्हणजे नंतर."

नाखवा बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "पावत्या ठेवतात ना ते?"

परदेशी जाण्यासाठी खबरदारी म्हणून शंभर टक्के कर भरून तशी पावती घ्यायची, डिझेल फक्त मुख्य टाकीत ठेवायचं, सुट्या कॅनमध्ये लाल थेंबही न्यायचा नाही, इतकं पुष्कळजण करतात आणि निवांत झोपतात. नाखवांना मात्र टाकीच पांढरी हवी. लाल भरलेल्या टाकीत पांढरं ओतलं की होतं ते गुलाबी. अर्धी टाकी रिकामी झाली की पांढरं भरायचं, असं करत गेलं तर दर खेपेला लाल निम्मं होतं, सातव्या भरण्याला एक टक्क्याच्या आत येतं, पण जात नाही. शिवाय डोळ्यांना दिसतो तो नुसता रंग. त्याच्यासोबत सॉल्व्हंट यलो १२४ नावाचा एक गुप्त साक्षीदारही घालत आलेत. तो डिझेलमध्ये चिडीचूप असतो आणि आम्ल घालून हलवलं की लाल होऊन साक्ष देतो.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आजी आली. आमच्या आजीची लोणच्याची बरणी होती, वरच्या फळीवरची. तिला कोणाचा ओला हात लागला, किंवा लागल्याचा नुसता संशय आला, तरी आजी आठवडाभर बरणीकडे अशाच नजरेने बघायची. तिचं सोवळं दोरीवर वाळायचं, नाखवांचं टाकीत आहे. सात वेळा भरूनही लाल पूर्ण जात नाही म्हटल्यावर सात जन्मांचा हिशेब इंग्रजांतही असतो, हे कळून मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

पांढरं डिझेल धक्क्यावर मिळणं मुश्कील. म्हणून नाखवा ते रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावरून आणतात. दोन कॅन, प्रत्येकी २० लिटरचे, आणि एक ढकलगाडी. दीड मैल जायचं, दीड मैल यायचं. टाकी भरायला पाच खेपा. दोन खेपांना मी होतो, म्हणून ठामपणे सांगतो की ढकलगाडीचं डावं चाक ओढतं.

एवढं करून पांढऱ्यालाही सुख नाही. मोटारींच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत जैवडिझेल असतं, ते हवेतली ओल धरतं. टाकीच्या तळाशी पाणी साठतं, आणि पाणी व डिझेल भेटतात त्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी संसार थाटतात. त्याचा काळा लगदा होतो. बोट शांत उभी असताना तो गुमान असतो. लाटा सुरू झाल्या, इंजिनाची खरी गरज पडली, की ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबवतो. म्हणजे लाल घेतलं तर सरकारची भीती, पांढरं घेतलं तर बुरशीची. नाखवा बुरशीला औषध घालतात. त्याची पावती वेगळी.

या पावत्यांची फाइल हा नाखवांचा प्राण. बोट बुडायला लागली तर आधी काय उचलायचं हे त्यांनी मला निघण्यापूर्वी समजावून सांगितलं. फाइलचा नंबर रबरी तराफ्यानंतर लगेच होता, माझ्या आधी.

आणि इतकं असून, कोणीही, कधीही, त्यांची टाकी तपासलेली नाही. सतरा वर्षांत एकदाही नाही. शेजारच्या बोटीवर अधिकारी चढले, पलीकडच्या बोटीवर चढले, नाखवांकडे बघून हात हलवून गेले. त्यांच्या चेहऱ्यात काही तरी आहे. सज्जन माणूस म्हणून सोडून दिल्याचं दुःख मी त्यांच्याच तोंडावर पाहिलं.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर पलीकडे गेलो. पहाटे निघालो, मोठ्या जहाजांच्या वाटा काटकोनात ओलांडल्या, रात्री एका बंदरात शिरलो. बाहेरून आल्याचं सांगणारा पिवळा बावटा चढवला. सकाळी एक तरुण अधिकारी बोटीवर आला. नाखवा उठून उभे राहिले. फाइल टेबलावर होती, सोबत टाकीचं झाकण उघडायचा पाना, आणि नमुना घ्यायला स्वच्छ धुतलेली काचेची बाटली. बाटली त्यांची स्वतःची.

अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितले आणि विचारलं, "मांस, दूध, चीज वगैरे काही?"

ब्रिटन बाहेर पडल्यानंतर, २०२१ च्या जानेवारीपासून, तिथून युरोपात प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. नाखवांनी त्यांचं बेकन धक्क्यावरच खाऊन संपवलं होतं. मी मान हलवली. पण अधिकाऱ्याची नजर माझ्या खिचडीच्या डब्याशेजारच्या बरणीवर गेली.

"हे काय?"

साजूक तूप. बायकोने कढवलेलं, अर्धा किलो. ते दुधाचं आहे की नाही यावर मी थोडा वाद घातला, पण आजीचं नाव घेऊन खोटं बोलवेना.

बरणी गेली. तो उतरायला लागला तसे नाखवा कासावीस होऊन म्हणाले, "आणि डिझेल? डिझेल नाही बघणार?"

"कशाला?" तो म्हणाला.

नाखवांनी एक श्वास घेतला, आणि माझ्या बाजूने ठामपणे उभे राहिले. माल जप्त केलात तर पावती द्या, म्हणाले. त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. मग नाखवांनी फाइल उघडली, त्यातली एक जुनी, धक्क्यावरच्या डिझेलची पावती काढून पालथी केली आणि पेन पुढे केलं. त्याने उभ्या उभ्या लिहून दिलं.

ती पावती आता फाइलीत पहिल्या पानावर आहे. एका बाजूला १८० लिटर, कर शंभर टक्के. दुसऱ्या बाजूला तूप, एक बरणी, सही आणि तारीख.