चिऊताईचं अपडेट

नातीला झोपवायला आमच्या घरी आता आजी-आजोबा लागत नाहीत, ॲप लागतं. मुलीचं नाव, वय, आवडता प्राणी आणि 'आज काय शिकवायचं' एवढं भरलं की चहा ओतायच्या आत गोष्ट तयार. २०२५च्या ऑगस्टात तर गूगलनं जेमिनी या आपल्या एआय ॲपमध्येच ही सोय आणली. दहा पानांचं सचित्र पुस्तक, तेही वाचून दाखवणारं, पंचेचाळीसहून जास्त भाषांत. आमच्याकडचं ॲप दुसरं, पण खोड तीच.

परवा सूनबाईंनी 'काय शिकवायचं'समोर 'पालेभाजी' लिहिलं. मग नातीच्याच नावाची राजकन्या पालक खाऊन राक्षसाला लोळवते, अशी गोष्ट आली. नातीनं ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "ही मी नाहीच. मी पालक थुंकते."

नायकाला आपल्या मुलाचं नाव द्यायला माझी हरकत नाही. आज्या हेच करत आल्या. साने गुरुजींनी तर १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिताना स्वतःलाच नायक केलं. पण त्यांचा श्याम पैसे चोरतो, पोहायला घाबरून लपून बसतो, आईच्या हातचा मार खातो. ॲपमधल्या बाळाला मार सोडाच, साधं खरचटतही नाही. रोज रात्री नवा पराक्रम, रोज नवं कौतुक. वाढदिवसाचा फ्लेक्सच जणू, फक्त दहा पानी.

मग मी ॲपला चिऊ-काऊची गोष्ट मागितली. पाऊस आला, काऊचं शेणाचं घर वाहून गेलं, त्यानं चिऊचं दार वाजवलं, चिऊनं लगेच उघडलं आणि दोघांनी मिळून गरमागरम सूप घेतलं. संपली गोष्ट. सूप!

अहो, दार लगेच उघडलं तर गोष्ट उरली कुठे? चिऊताई दार उघडत नाही, हीच तर गंमत. बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, पावडर लावायचीय, काजळ घालायचंय, अंगडं चढवायचंय. काऊ बाहेर भिजतोय. मूल्यशिक्षणाच्या तासाला ही चिऊ सपशेल नापास व्हावी. काही घरांत तर काऊला आत घेऊन शेकायला तव्यावर बसवतात आणि त्याचं ढुंगण भाजतं. पोरं खिदळतात. यातून काय शिकवायचं, ते आजवर कुणी विचारलं नाही.

शिवाय या बाळाचे कपडे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघून ठरतात. आमची आई सांगायची तेव्हा, मी टक्क जागा असलो की चिऊच्या बाळाला भर मे महिन्यात कानटोपी, स्वेटर, मोजे, सगळं चढायचं. माझे डोळे मिटायला लागले की नुसत्या अंगड्यावर भागायचं. याला पर्सनलाइज्ड म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं.

रात्री दहाला लोकलमधून उतरलेल्या आईबापांकडे इतकी कानटोपी-मोजे करायची ताकद नसते, हे मान्य. त्यांनी बटण दाबलं तर मी तोंड वाकडं करणार नाही. पण पेन्शनर आजोबानं कुठल्या तोंडानं बटण दाबायचं? म्हणून काल फोन चार्जिंगला लावला आणि नातीशेजारी आडवा झालो. पाऊस पाडला, काऊला दाराशी उभा केला, बाळाला न्हाऊ घातलं, पुसलं, पावडर लावली. दुपारची वामकुक्षी हुकली होती. अंगड्याचा एक हात घालेपर्यंत माझाच डोळा लागला.

बरगडीत कोपर बसलं.

"आजोबा, काजळ राहिलं."