अकोल्याला गाडी बदला

आमच्या गावाचं पूर्ण नाव जऊळका रेल्वे. तालुका मालेगाव. हे वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिकवालं नव्हे, हे सांगण्यात आमचं अर्धं आयुष्य जातं. त्यामुळे पुण्यात सुपरकॉम्प्युटरच्या मशीन-रूममध्ये नोकरी लागली आणि 'लस्टर' नावाच्या फाइल सिस्टिमशी गाठ पडली, तेव्हा तिची पत्ते लिहायची तऱ्हा मला लगेच पटली. कैक मशीनवर विखुरलेला साठा एकच असल्यासारखा दाखवणारी ही बया; तिला नुसता आयपी नंबर पुरत नाही. आधी नंबर, मग 'ॲट'चं चिन्ह, मग नेटवर्कचं नाव: टीसीपी की ओटूआयबी, म्हणजे साधं इथरनेट की इन्फिनिबँड. थोडक्यात, मालेगाव कुठलं ते आधी सांगा.

गावी गेलो की रेल्वेतून रिटायर झालेले मामा विचारणारच, "तू करतं काय बाप्पा तिकडं?"

कॉम्प्युटर म्हटलं की लोक बिघडलेला प्रिंटर घेऊन येतात, म्हणून मी रुळांवरून सुरुवात केली. २००८ साली अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याआधी आपले रूळ एक मीटरचे, मुंबई-नागपूर लाइनचे १६७६ मिलिमीटरचे. इकडचा डबा तिकडे जाणार कसा? अकोल्याला उतरायचं, बोचकी उचलायची, दुसरी गाडी धरायची. लस्टरमधलं हे अकोला म्हणजे राउटर, दोन्ही नेटवर्कांत एकेक पाय रोवून उभं असलेलं मशीन. प्रत्येक क्लायंटच्या, म्हणजे साठा वापरणाऱ्या मशीनच्या, सेटिंगमध्ये लिहायचं, पलीकडे जायचं तर या अकोल्यावरून. आणि अकोल्यालाही बजावायचं, की आलेलं सामान पुढे पाठवत जा. ते फॉरवर्डिंग चालू केलं नाही, तर सगळा माल फलाटावरच.

"अन् वापस येनं?" मामा म्हणाले.

मी गारच पडलो. एका संस्थेत (नाव नको) दोन इंजिनिअर, एक सल्लागार आणि किटलीभर चहा नेमके इथेच अडले होते. क्लायंटवर रूट लिहिला होता, सर्व्हरवर परतीचा राहिला होता. विचारणा पोचायची, उत्तराला निघायला वाटच नाही. साठा जोडणारी माउंटची कमांड मौनात. सगळ्यांचा संशय केबलवर, कारण केबलला उलट बोलता येत नाही.

"अन् अकोलाच बंद पडलं तं?"

"दोन अकोले ठेवतो, मामा. एक मेलं की लस्टर पिंग करून ओळखतं आणि दुसऱ्यावरून गाडी काढतं."

"दोन अकोले! मे महिन्यात एकच झेपत नाही."

मग मी हुकमाचं पान काढलं. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामानसंस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' हा सुपरकॉम्प्युटर आला, क्रे कंपनीचा, चार पेटाफ्लॉप्सचा, हवामानाची मॉडेलं चालवणारा. त्याचं आतलं नेटवर्क 'एरीज', लस्टरचा साठा इन्फिनिबँडवर. मध्ये असेच राउटर. म्हणजे तुमच्या सोयाबीनवर पडायच्या पावसाचा हिशेबसुद्धा गाडी बदलूनच येतो!

मामांनी कोरड्या आभाळाकडे एकदा पाहिलं.

"मंग बराबर हाय. पाऊस अकोल्यातच उतरत असन. फुडची गाडी भेटत नसन त्याले."