सूतभर इकडे, सूतभर तिकडे

घरात सुतारकाम निघालं की घरमालकाच्या वाट्याला दोनच कामं उरतात. एक, चहाचा ट्रे नेणं. दुसरं, टेपचं टोक धरणं. पहिल्या कामाला थोडी तरी प्रतिष्ठा आहे. चहा सांडला नाही तर निदान कुणी काही बोलत नाही. टेप धरणाऱ्याला मात्र 'घट्ट धरा', 'हलू नका' आणि 'सोडा आता' याखेरीज काही ऐकायला मिळत नाही. खरं तर त्याची गरजही नसते. १९२२ साली हायरम फॅरंड नावाच्या अमेरिकन माणसाने पन्हाळीसारखा बाक असलेल्या पोलादी पट्टीचं पेटंट घेतलं. त्या बाकामुळे टेप हवेत बरीच लांबवर आपली आपण ताठ उभी राहते. म्हणजे दुसरं टोक धरणारा नवरा तेव्हापासूनच जादा आहे. त्याला अजून कुणी कळवलेलं नाही इतकंच.

तर या टोकाला जो पत्र्याचा हूक असतो, तो ढिला असतो. आमच्या शेजारचे निवृत्त प्राध्यापक रोज संध्याकाळी काम 'बघायला' येतात. त्यांनी मिस्त्रींच्या टेपचा हूक बोटाने हलवून पाहिला आणि 'माल बोगस आहे' असा निकाल दिला.

"काका, तो हलायलाच पायजे," मिस्त्री रंधा न थांबवता म्हणाले.

हुकाच्या पत्र्याला स्वतःची जाडी असते, साधारण एक मिलिमीटर. फळीच्या कडेला अडकवून बाहेरचं माप घेताना हूक तेवढाच पुढे सरकतो. कपाटाच्या आत भिंतीला टेकवून मोजताना तेवढाच मागे दबतो. त्यामुळे दोन्ही मापं बरोबर येतात. प्राध्यापकांना हे पटलं नाही. शिस्तीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. त्यांनी घरी जाऊन स्वतःच्या टेपचा हूक हातोडीने ठोकून पक्का केला. तेव्हापासून त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू एका मिलिमीटरने संशयास्पद आहे.

टेपच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर का असतात, याचाही उलगडा मला याच कामात झाला. १९५६ साली संसदेने मेट्रिक मापांचा कायदा केला. सुतारांनी तो अर्धा स्वीकारला. प्लायवूड लांबी-रुंदीला ८ बाय ४ फूट, पण जाडीला १८ मिलिमीटर. वर चिकटवायचा सनमायका १ मिलिमीटर, बिजागरी ३ इंची, ड्रॉवरचा चॅनल १८ इंची. एकाच कपाटात इंग्रजांचं राज्य आणि दशमान पद्धत सुखाने नांदतात, आणि दोघांच्या मध्ये फेव्हिकॉल असतो.

त्यातही खरं चलन आहे सूत. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. मिस्त्री टेप लावून ओरडतात, "एकवीस इंच, दोन सूत कमी!" पोऱ्या ते भिंतीवरच लिहितो. आता एकवीस इंचांना दोन सूत कमी म्हणजे वीस इंच सहा सूत, हे त्या सातवी नापास पोऱ्याला झोपेतही कळतं. प्राध्यापकांना कागद लागतो. माप घेतल्यावर मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून ठिपका देत नाहीत, इंग्रजी व्ही काढतात. टोक जिथं, माप तिथं. मग गुण्या लावून रेघ. आणि रेघ मारली म्हणजे संपलं असं नाही. "रेघ ठेवून काप" आणि "रेघ खाऊन काप" हे दोन वेगळे हुकूम आहेत, कारण पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते. करवतीच्या पात्यालाही असते. आठ फुटी फळीचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोन फुटांचा, हे फक्त चौथीच्या गणितात. मशीनचं पातं तीन मिलिमीटर भुसा करत असेल, तर तीन कापांत जवळजवळ तीन सूत लाकूड केरसुणीच्या मालकीचं होतं.

टेपवर आकड्यांच्या सुरुवातीला रोमन दोनचा छोटा शिक्का असतो. तो अचूकतेचा वर्ग. या वर्गातल्या पाच मीटरच्या टेपला पूर्ण लांबीत १.३ मिलिमीटर इकडेतिकडे होण्याची अधिकृत परवानगी आहे. शिवाय हा हिशेब २० अंश तापमानाचा. मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात तीच पोलादी टेप पाच मीटरमागे जवळजवळ दीड मिलिमीटर लांबते. उन्हाळ्यात नागपूरकरांकडून याहून जास्त अचूकपणाची अपेक्षा मी तरी करणार नाही.

म्हणूनच मिस्त्री एका कामाला एकच टेप वापरतात. चुकली तरी सगळीकडे सारखीच चुकेल! आमच्या घरात मात्र दुसरी टेप निघाली. बायकोने शिवणाची कापडी टेप आणून कोनाडा मोजला. बरीच वर्षं ताणली जाऊन ती टेप उदार झाली होती, त्यामुळे तिचा आकडा वेगळा आला.

"तुमची टेप खोटी," बायको म्हणाली.

"काकू, टेप नाय, भिंत खोटी," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी कोनाडा तीन ठिकाणी मोजून दाखवला. खाली ३ फूट ४ इंच. मध्ये ३ फूट ४ इंच २ सूत. वर ३ फूट ३ इंच ६ सूत. बिल्डरने 'रेक्टँग्युलर बेडरूम' म्हणून विकलेल्या खोलीला एकही प्रामाणिक काटकोन नव्हता. मिस्त्रींनी तिन्हींतलं सर्वांत लहान माप धरलं, कपाट आत सरकवलं आणि उरलेल्या फटीवर लाकडी पट्टी ठोकली. ही पट्टी म्हणजे सुतारकामातलं सर्वांत मोठं तत्त्वज्ञान. जगात काटकोन नाही हे मान्य करायचं, आपला काटकोन सोडायचा नाही, आणि मधलं अंतर पॉलिश करून शोभेचं म्हणून दाखवायचं. आमच्या घराण्यातली काही लग्नं याच तंत्रावर उत्तम टिकली आहेत.

शेवटी मजुरीसाठी मोजमाप झालं. मजुरी स्क्वेअर फुटावर ठरली होती. इतके दिवस सुताच्याही अर्ध्यावरून पोऱ्याला फैलावर घेणाऱ्या मिस्त्रींनी कपाटाला टेप लावली. उंची सहा फूट, तीन इंच, एक सूत.

"लिही रे," ते पोऱ्याला म्हणाले, "सात फूट."